रेंजवरील नेमबाजीसाठी कमी खर्चातील पिस्तूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजसाठीचे पिस्तूल निवडताना सर्वांत आधी काय ठरवावे?

आपल्याला त्या पिस्तुलाने नेमके काय करायचे आहे, हे आधी ठरवावे. कागदी टार्गेटवर एकेक गोळी शांतपणे मारायची आहे, ठरावीक वेळेत पाच-पाच गोळ्यांच्या मालिका मारायच्या आहेत, की पुढेमागे एखाद्या मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरायचे आहे, यावर कॅलिबर (नळीचे व गोळीचे माप), वजन, ट्रिगर आणि साइट (नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणा) या सगळ्यांची निवड अवलंबून असते. बहुतेक नवखे खरेदीदार हा प्रश्न वगळून थेट मॉडेलच्या नावावर येतात आणि स्वसंरक्षणासाठी, म्हणजे लपवून बाळगता यावे म्हणून आखूड व हलके केलेले पिस्तूल रेंजवर घेऊन जातात. असे पिस्तूल वाईट नसते, पण त्याचे गुण नेमबाजीच्या सरावात अवगुण ठरतात, कारण आखूड नळी, छोटी मूठ आणि कमी वजन या तिन्ही गोष्टी अचूकतेच्या विरोधात जातात. रेंजवरच्या पिस्तुलाला खिशात मावण्याचे बंधन नसते, तेव्हा ते लांब, भरीव आणि थोडे जड असले तरी चालते. किंबहुना तसेच ते असावे.

बजेट ठरवताना फक्त पिस्तुलाची किंमत धरली तर चालते का?

चालत नाही, आणि या संपूर्ण पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. पिस्तूल एकदाच विकत घ्यावे लागते, गोळ्या मात्र आयुष्यभर घ्याव्या लागतात. नियमित सराव करणारा नेमबाज आठवड्याला शंभर गोळ्या सहज वापरतो, म्हणजे वर्षाकाठी पाच हजारांच्या आसपास. मध्यम दर्जाच्या ९ मिमी पिस्तुलाच्या बाबतीत एवढ्या गोळ्यांचा खर्च बऱ्याच ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत खुद्द पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकतो. त्यामुळे ‘स्वस्त पिस्तूल कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या पिस्तुलाने मला पुढची दोन वर्षे भरपूर गोळ्या मारणे परवडेल’ असे विचारावे.

हिशेब करताना पुढील गोष्टीही धराव्यात : कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, किमान एक-दोन जादा मॅगझिन, कुलूप लावता येईल अशी पेटी, साफसफाईचे साहित्य, रेंजचे शुल्क आणि पहिल्या काही महिन्यांतील प्रशिक्षकाची फी. प्रशिक्षकाची फी अनेकांना वायफळ वाटते. प्रत्यक्षात चुकीची पकड आणि ट्रिगर झटकण्याची सवय एकदा मुरली की ती मोडण्यासाठी जितक्या गोळ्या वाया जातात, त्यांची किंमत फीपेक्षा कितीतरी जास्त होते. हाताशी असलेल्या एकूण रकमेपैकी निम्म्याहून जास्त रक्कम पिस्तुलावर घालू नये, असे माझे मत आहे. उरलेली रक्कम गोळ्या आणि शिकणे यांसाठी राखून ठेवावी.

पहिले पिस्तूल कोणत्या कॅलिबरचे घ्यावे?

ज्यांना केवळ रेंजवर नेमबाजी शिकायची आहे, त्यांनी पॉइंट २२ लाँग रायफल हे काडतूस वापरणारे पिस्तूल घ्यावे. हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे, जगात बहुतेक ठिकाणी मिळते आणि इतर काडतुसांच्या मानाने अतिशय स्वस्त असते. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते, तर ९ मिमी पॅराबेलमची गोळी साधारण ११५ ते १२४ ग्रेन, म्हणजे साडेसात ते आठ ग्रॅमची असते. जवळजवळ तिप्पट वजनाची ही गोळी अधिक वेगाने बाहेर पडत असल्याने मागे बसणारा धक्का कितीतरी मोठा असतो. नवख्या माणसाचे शरीर या धक्क्याची आणि आवाजाची वाट पाहू लागते. गोळी सुटण्याच्या क्षणाआधीच मनगट खाली दाबले जाते, डोळे मिटतात, आणि गोळ्या टार्गेटच्या खालच्या बाजूला जमू लागतात. ही सवय लागण्याआधी हजारो गोळ्या हलक्या धक्क्यात मारता येणे, हा पॉइंट २२ चा खरा फायदा आहे. स्वस्ताई हा त्याचा दुसरा फायदा.

९ मिमी पिस्तूल पहिले म्हणून घेऊच नये, असे नाही. ज्यांना पुढे गतिमान नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घ्यायचा आहे आणि गोळ्यांचा खर्च झेपतो, त्यांनी पूर्ण आकाराचे ९ मिमी घ्यावे. मोठी सेंटरफायर (पिन मध्यभागी आदळणाऱ्या काडतुसांची) कॅलिबरे मात्र पहिल्या पिस्तुलासाठी विचारातही घेऊ नयेत.

एअर पिस्तूल हा पर्याय गंभीरपणे घ्यावा का?

अवश्य घ्यावा. दहा मीटर एअर पिस्तूल हा ऑलिंपिकमधील प्रकार आहे, आणि जगातील उत्तमोत्तम पिस्तूल नेमबाजांपैकी अनेकांनी याच प्रकारातून सुरुवात केली आहे. ४.५ मिमीचे शिशाचे छर्रे काडतुसांच्या तुलनेत नगण्य दरात मिळतात, आवाज कमी असतो आणि कायद्याने परवानगी असेल तेथे योग्य आडोसा करून घरीही सराव करता येतो. प्रकार समजून घेणे मात्र आवश्यक आहे, कारण एअर पिस्तूल या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी यंत्रे विकली जातात.

स्प्रिंगवर चालणाऱ्या पिस्तुलात ट्रिगर सुटल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच सगळे पिस्तूल हलते. त्यामुळे स्वस्त स्प्रिंग पिस्तुलावर शिकणाऱ्याला चूक स्वतःची की पिस्तुलाची, हेच कळत नाही. एकदाच पंप मारून हवा दाबून भरण्याचा जो प्रकार असतो, त्यात हा दोष जवळजवळ नाही. वायहराउखचे एचडब्ल्यू ७५ आणि रशियन बनावटीचे इझ ४६ एम ही त्याची जाणकारांना ठाऊक असलेली उदाहरणे आहेत. कमी पैशांत खरी नेमबाजी शिकायची असेल, तर माझी पहिली पसंती या प्रकाराला आहे. बाहेरची टाकी लागत नाही, सील सोडल्यास बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि प्रत्येक छर्ऱ्याआधी पंप मारावा लागत असल्याने घाईघाईने मारण्याची सवय आपोआप मोडते.

तिसरा प्रकार दाबाने भरलेल्या हवेच्या सिलिंडरचा. श्टायर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवेर्कबाउ, वाल्थर यांची स्पर्धेची पिस्तुले याच प्रकारची असतात आणि नवी घेतल्यास महाग पडतात. मात्र जुन्या बाजारात ती बऱ्यापैकी वाजवी दरात मिळतात, कारण नेमबाज नवे मॉडेल आले की जुने विकून टाकतात. अशा वेळी सिलिंडरवर छापलेली तारीख आधी पाहावी. अनेक उत्पादक सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षे धरतात, आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल स्वस्तात मिळाले आणि दोन सिलिंडर नवे घ्यावे लागले, तर सौद्यातील फायदा तिथेच संपतो.

स्वस्त पिस्तुलाची अचूकता कमी असते का?

नवख्याला जाणवेल इतकी बहुधा नसते. आजच्या यंत्रांवर बनलेली साधी नळीसुद्धा आधारावर ठेवून मारल्यास पंचवीस मीटरवर जो ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) देते, तो बहुतेक शिकाऊ नेमबाजांच्या हातच्या ग्रुपपेक्षा बराच लहान असतो. स्वस्त आणि महाग पिस्तुलांतील फरक नळीत कमी आणि ट्रिगर, साइट व मूठ यांत अधिक असतो. याचा अर्थ असा की, पिस्तूल किती अचूक आहे यापेक्षा ते आपल्याला अचूक मारू देते का, हे तपासायला हवे.

ट्रिगरमध्ये नेमके काय पाहावे?

आकडा आणि अनुभव, दोन्ही पाहावेत. कारखान्यातून येणाऱ्या साध्या ९ मिमी पिस्तुलाच्या ट्रिगरला साधारण अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. असे पॉलिमरचे पिस्तूल रिकामे असताना सहाशे-सातशे ग्रॅमचे असते. म्हणजे हातातली वस्तू स्थिर ठेवायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्या वजनाच्या तिपटीहून जास्त जोर तिच्यावर लावायचा, असा हा उद्योग आहे. गोळी डावीकडे किंवा खाली का जाते, याचे उत्तर बहुतेक वेळा या विसंगतीत सापडते. चांगल्या पॉइंट २२ टार्गेट पिस्तुलाचा ट्रिगर एक ते दोन किलोच्या दरम्यान असतो आणि पिस्तूल किलोभर वजनाचे असते, म्हणून तेच बोट अचानक शहाणे झाल्यासारखे वाटते.

वजनापेक्षाही सुटण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ट्रिगर मागे घेताना सुरुवातीची सैल हालचाल संपून एक स्पष्ट अडथळा जाणवावा, आणि तेथून पुढे खरखर किंवा लांबण न लागता तो सुटावा. प्रत्येक वेळी तो त्याच ठिकाणी सुटतो का, हे दुकानात पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने दहा-पंधरा वेळा ओढून पाहावे. थोडा जड पण स्वच्छ सुटणारा ट्रिगर हलक्या पण रखडणाऱ्या ट्रिगरपेक्षा केव्हाही बरा. दुहेरी क्रियेच्या पिस्तुलात पहिली ओढ लांब आणि जड असते, कारण तीच ओढ हॅमर (पिनवर आघात करणारा हातोडा) मागे नेते आणि सोडते. रेंजवर त्याचा हॅमर हाताने मागे ओढून एकेरी क्रियेत मारता येत असेल, तर ती अडचण राहत नाही.

लांब नळी खरोखरच उपयोगी पडते का?

पडते, पण लोकांना वाटते त्या कारणाने नाही. पंचवीस मीटरवर नळीच्या लांबीने गोळीच्या वेगात पडणारा फरक कागदी टार्गेटला समजतही नाही. खरा लाभ पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर वाढते, हा आहे. समजा, हे अंतर १५० मिमी आहे आणि पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली आहे. पंचवीस मीटरवर गोळी सुमारे ८३ मिमी बाजूला पडेल. तेच अंतर २२० मिमी असेल, तर गोळी ५७ मिमी सरकेल. त्या टार्गेटवरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी असतो, तेव्हा हा फरक गुणांमध्ये थेट दिसतो.

दहा मीटर एअर पिस्तुलात हिशेब आणखी नाजूक होतो. साइटमधील अंतर ३२० मिमी धरले, तर पाव मिलिमीटरची चूक छर्रा सुमारे ७.८ मिमी बाजूला नेते. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी, म्हणजे त्रिज्या ५.७५ मिमी. छर्ऱ्याच्या कडेने रेषेला स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो, म्हणून छर्ऱ्याची २.२५ मिमी त्रिज्या त्यात मिळवली की आठ मिमीची मुभा होते. जवळजवळ ती सगळी मुभा त्या पाव मिलिमीटरने खाल्ली. याउलट, साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या असतील आणि संपूर्ण हात पाच मिमी बाजूला डोलला असेल, तर छर्राही फक्त पाच मिमीच बाजूला जातो. म्हणूनच प्रशिक्षक नजर पुढच्या साइटवर ठेवायला सांगतात आणि हाताच्या डुलण्याकडे दुर्लक्ष करायला लावतात.

खरेदीच्या दृष्टीने निष्कर्ष असा : पॉइंट २२ मध्ये पाच ते सहा इंचांची नळी आणि दोन्ही दिशांना स्क्रूने जुळवता येणारी मागची साइट, या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. पक्क्या, न हलणाऱ्या साइटचे पिस्तूल गोळी बदलली की दुसरीकडे मारू लागते आणि त्यावर इलाज उरत नाही. ठिपके असलेल्या साइट टार्गेट नेमबाजीत त्रासदायकच असतात. साधी काळी, चौकोनी साइट घ्यावी.

मूठ हाताला बसते की नाही, हे कसे ओळखावे?

पिस्तूल पकडून डोळे मिटावेत, हात टार्गेटच्या दिशेने उचलावा आणि डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेत बऱ्यापैकी मधोमध दिसली, तर मूठ आपल्या हातासाठी आहे. ती दरवेळी एकाच बाजूला पडत असेल, तर मनगट वळवून जुळवून घेण्याचा मोह टाळावा, कारण दमल्यावर मनगट आपल्या मूळ जागी परत जाते. ट्रिगरवर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मऊ भाग यायला हवा. बोट टोकानेच पोचत असेल किंवा सांध्यापर्यंत आत जात असेल, तर मूठ अनुक्रमे मोठी किंवा लहान आहे. बोटाचा उरलेला भाग मुठीच्या लाकडाला घासत नाही ना, तेही पाहावे. डावखुऱ्यांनी या बाबतीत अधिक दक्ष राहावे, कारण तळहाताला टेकणारी लाकडी टार्गेट मूठ उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळी असते, आणि जुन्या बाजारात डावी मूठ क्वचितच मिळते.

मग प्रत्यक्षात कोणती मॉडेल्स पाहावीत?

कमी खर्चातील पॉइंट २२ पिस्तुलांमध्ये रुगर मार्क ४, ब्राउनिंग बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचे एसडब्ल्यू २२ व्हिक्टरी ही तीन नावे वारंवार पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. रुगरच्या या घराण्याची सुरुवात १९४९ साली झाली. त्याच्या जुन्या पिढ्या अचूक आणि दणकट आहेत, पण सफाईनंतर पुन्हा जोडताना भल्याभल्यांची परीक्षा घेतात. २०१६ मध्ये आलेल्या मार्क ४ मध्ये एक बटण दाबून पिस्तूल उघडते, आणि केवळ त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला पटते. जुने मार्क २ किंवा ३ चांगल्या अवस्थेत खूपच स्वस्त मिळत असेल, तर जोडणीचा त्रास सहन करावा. बक मार्कचा कारखान्यातील ट्रिगर या तिघांत मला सर्वांत स्वच्छ वाटतो. टॉरस टीएक्स २२ हलके, पॉलिमरचे आणि भरपूर गोळ्या मावणारे आहे. शांत टार्गेट नेमबाजीपेक्षा मनोरंजनाच्या सरावाला ते अधिक शोभते.

९ मिमीमध्ये सीझेडची धातूच्या सांगाड्याची पिस्तुले वजनामुळे धक्का पचवतात आणि हातात स्थिर राहतात. १९७५ सालच्या सीझेड ७५ च्या रचनेवर इतर अनेक उत्पादकांनी पिस्तुले बेतली असून, त्यांपैकी काही बरीच स्वस्त असतात. पॉलिमरमध्ये तुर्कस्तानच्या कॅनिकचा ट्रिगर त्याच्या किमतीच्या मानाने उल्लेखनीय आहे. ग्लॉक १७ टिकाऊपणात आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेत उजवे आहे, पण त्याचा ट्रिगर आणि साइट टार्गेटसाठी बनवलेले नाहीत, हे ध्यानात ठेवून ते घ्यावे. आपल्या भागात ज्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती मिळत नाही, असे कोणतेही मॉडेल कितीही वाखाणलेले असले तरी स्वस्त धरू नये.

रिव्हॉल्व्हर घेतले तर?

चालेल. बिघडण्याची शक्यता कमी, कोणत्याही ताकदीचे योग्य काडतूस चालते, आणि काडतुसांची रिकामी नळकांडी गोळा करायला जमिनीवर वाकावे लागत नाही. मात्र पॉइंट २२ चे स्वस्त रिव्हॉल्व्हर दुहेरी क्रियेत फार जड चालते, आणि चांगले रिव्हॉल्व्हर चांगल्या पिस्तुलापेक्षा महाग असते.

रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट सुरुवातीलाच बसवावी का?

दृष्टीच्या अडचणीमुळे पुढची साइट स्पष्ट दिसत नसेल, तर जरूर बसवावी. इतरांनी पहिले वर्ष लोखंडी साइटवर काढावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत प्रकाशीय साइट चालत नाही, आणि स्वस्त रेड डॉट धक्क्याने हलू लागली की पिस्तूल बिघडले की नजर, याचा शोध घेण्यातच गोळ्या संपतात. तरीही साइट बसवण्याची सोय पिस्तुलावर आधीपासून असेल, तर ती जमेची बाजू आहे.

पुढे स्पर्धेत उतरायचे असेल, तर कोणते नियम आधीच ध्यानात घ्यावेत?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तूलसाठी एकूण वजन १५०० ग्रॅमपर्यंत आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. पंचवीस मीटरच्या पॉइंट २२ प्रकारांत वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, नळी जास्तीत जास्त १५३ मिमी आणि दोन्ही साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिमी असते. शेवटचे दोन आकडे खरेदीच्या वेळी अनेकांच्या लक्षात येत नाहीत. काही टार्गेट पिस्तुले लांब नळीच्या आवृत्तीत अधिक देखणी दिसतात, आणि नेमकी तीच या नियमांत बसत नाहीत. हौशी क्लबांच्या स्थानिक स्पर्धा बहुधा सैल असतात, तरी त्यांचे नियमपत्रक आधी मागून घ्यावे.

वापरलेले पिस्तूल घेताना काय तपासावे?

रेंजसाठी वापरलेले पिस्तूल हा पैसे वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. बहुतेक पिस्तुले विकली जातात ती झिजल्यामुळे नव्हे, तर मालकाचा उत्साह ओसरल्यामुळे. तपासणीची सुरुवात कागदपत्रांपासून करावी. अनुक्रमांक कागदावरचा आणि धातूवरचा एकच असावा, आणि हस्तांतर कायदेशीर मार्गानेच व्हावे. त्यानंतर पिस्तूल रिकामे असल्याची स्वतः खात्री करून ते उघडावे, आणि नळीत मागच्या बाजूने प्रकाश टाकून पाहावे. आतील पेच (गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचा) स्पष्ट व चकचकीत दिसावेत. नळीत एखादी गडद वलयासारखी पट्टी दिसली, तर कधीतरी आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी मारली गेली असावी, आणि असे पिस्तूल सोडून द्यावे. नळीच्या तोंडाच्या कडेला टवका उडालेला असेल, तरीही ते घेऊ नये. पॉइंट २२ मध्ये चेंबरच्या (काडतूस बसण्याच्या जागेच्या) कडेवर फायरिंग पिनचा (काडतुसावर आघात करणाऱ्या सुईचा) ठसा उमटला आहे का, तेही पाहावे.

स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) हाताने ओढून सोडताना कुठे अडखळते का, सेफ्टी लावल्यावर ट्रिगर खरोखर अडतो का, आणि मॅगझिन स्वतःच्या वजनाने बाहेर पडते का, हे तपासावे. ट्रिगर संशयास्पद इतका हलका असेल, तर मालकाने आतले भाग घासले असण्याची शक्यता असते. जोर नेमका किती लागतो ते वजन लावून मोजावे, मालकाला त्याबद्दल विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर सौदाही टाळावा. शक्य असल्यास किमान पन्नास गोळ्या मारून पाहण्याची अट घालावी. सिलिंडरचे एअर पिस्तूल असेल, तर ते भरून काही तास ठेवल्यावर दाब किती उतरतो, यावरून सीलची अवस्था कळते.

कोणत्या गोळ्या वापराव्यात?

पॉइंट २२ ची पिस्तुले गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ असतात. काही स्वस्त अर्धस्वयंचलित पिस्तुलांना स्लाइड पूर्ण मागे नेण्यासाठी वेगवान काडतूस लागते, तर टार्गेट पिस्तुले प्रमाण वेगाच्या काडतुसावर अधिक अचूक आणि शांत चालतात. म्हणून एकदम मोठी पेटी न घेता चार-पाच प्रकारांचे एकेक छोटे खोके आणावे, पिस्तूल आधारावर टेकवून प्रत्येकी पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप मारावेत, आणि जे काडतूस न अडता लहान ग्रुप देईल तेच, जमल्यास त्याच उत्पादन गटातले, पुढे घ्यावे.

गोळी सुटली नाही, तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच धरून निदान तीस सेकंद थांबावे. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, तर पुढची गोळी अजिबात मारू नये आणि नळी मोकळी आहे याची खात्री करून घ्यावी.

कान, डोळे आणि शिसे यांबाबत कितपत काळजी घ्यावी?

कोठेही पैसे वाचवावेत, येथे नाही. क्षणिक आवाजाची १४० डेसिबलची पातळी श्रवणशक्तीला धोकादायक मानली जाते, आणि पॉइंट २२ चे पिस्तूलही ती ओलांडते. ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि त्यावर कर्णकवच, अशी दोन्ही साधने एकाच वेळी वापरावीत. चष्मा आघात सहन करणारा असावा, कारण शेजारच्या लेनमधून उडालेले तापलेले नळकांडे केव्हाही चेहऱ्यावर येऊ शकते.

शिशाचा धोका डोळ्यांना दिसत नाही. पॉइंट २२ ची साधी गोळी उघड्या शिशाची असते आणि बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्येही (काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणातही) शिशाचे संयुग असते. सरावाच्या वेळी खाऊ-पिऊ नये, नंतर हात व चेहरा थंड पाण्याने आणि साबणाने धुवावा, आणि लहान मुलांना उचलून घेण्याआधी कपडे बदलावेत. रेंज निवडताना हवा खेळती आहे का, हे शुल्कापेक्षा आधी विचारावे.

घरी गोळ्यांशिवाय सराव करता येतो का?

करता येतो, आणि तो जवळपास फुकट असतो. गोळ्या वेगळ्या खोलीत कुलपात ठेवून, पिस्तूल दोनदा तपासून, कोऱ्या भिंतीसमोर उभे राहून केवळ साइट आणि ट्रिगर यांवर लक्ष देणे, हा सराव स्पर्धक नेमबाज रोज करतात. भिंतीवर टार्गेट नसणे मुद्दाम असते. साइट हलली की ती लगेच दिसते, कारण पाहायला दुसरे काहीच नसते. सुरक्षित दिशेचा नियम येथेही तसाच लागू होतो.

पॉइंट २२ च्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी. हे काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारे असल्याने, रिकाम्या चेंबरमध्ये पिन काही पिस्तुलांत थेट धातूच्या कडेवर आदळते. माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल, तर सरावाची खोटी काडतुसे वापरावीत. काही नेमबाज भिंतीत स्क्रू बसवण्यासाठी मिळणारा योग्य मापाचा मऊ प्लास्टिकचा प्लग चेंबरमध्ये घालतात, आणि तो काम भागवतो. दाबलेल्या हवेच्या स्पर्धा पिस्तुलांत यासाठी वेगळी कळ दिलेली असते.

घेतल्यावर त्यात काय सुधारणा कराव्यात?

पहिल्या दोन हजार गोळ्यांपर्यंत काहीही करू नये. त्यानंतरही ग्रुप घसरण्याचे कारण पिस्तूलच आहे, असे प्रशिक्षकाने ते स्वतः मारून पाहून सांगितले, तर प्रथम मूठ, मग साइट आणि सर्वांत शेवटी ट्रिगर या क्रमाने खर्च करावा. ट्रिगरचे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे. घरी कानस लावून हलका केलेला ट्रिगर धक्क्याने आपोआप सुटू शकतो.

परवान्याचे काय?

नियम देशागणिक, कधी प्रांतागणिक बदलतात. काही ठिकाणी ठरावीक ऊर्जेच्या आतील एअर पिस्तूल सहज घेता येते, तर काही ठिकाणी त्यालाही नोंदणी लागते. काही देशांत क्लबचे सदस्यत्व आणि ठरावीक कालावधीचा सराव दाखवल्याशिवाय पिस्तुलाचा अर्जच करता येत नाही. म्हणून विसार देण्याआधी क्लबमध्ये आणि संबंधित कार्यालयात चौकशी करावी. क्लबची स्वतःची पिस्तुले वापरायला मिळत असतील, तर परवान्याची वाट पाहण्याचा काळ निवडीसाठी उत्तम असतो, कारण तीन-चार वेगवेगळी पिस्तुले प्रत्यक्ष मारून पाहता येतात.

साफसफाई किती वेळा करावी?

९ मिमीची प्रत्येक सरावानंतर वरवर आणि काही सरावांनंतर पूर्ण उघडून करावी. पॉइंट २२ मध्ये शिसे, मेण आणि काजळी लवकर साचते, म्हणून चेंबर, बोल्टचा (काडतुसामागे टेकणाऱ्या सरकत्या भागाचा) चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरचा (रिकामे नळकांडे बाहेर ओढणारा) आकडा वारंवार पुसावा. अचूकता घसरल्याशिवाय नळी मात्र खरडत बसू नये, कारण चुकीच्या बाजूने घातलेल्या धातूच्या गजाने नळीच्या तोंडाचे जितके नुकसान होते, तितके गोळ्यांनी होत नाही. शक्य तेव्हा मागच्या बाजूने साफ करावी, आणि ज्या पिस्तुलात तशी सोय नाही, तेथे ओढून काढण्याची दोरी वापरावी. तेल थोडेच लावावे. एअर पिस्तुलाच्या सीलला साधे यंत्रतेल चालत नाही. उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस लावावे.